गावचा इतिहास आणि शाळेचे दप्तर



सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. त्या नोंदींवरून कोणास काय मिळावे हा प्रश्न शासनाचा व न्यायालयांचा आहे. त्याचा विचार ह्या ठिकाणी कर्तव्य नाही. परंतु त्या शोधाच्या निमित्ताने एक गोष्ट सर्वांच्या प्रत्ययास आली. महसूल खात्याच्या कागदांबरोबर प्राथमिक शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरे शोधावी लागली. ज्या रजिस्टराकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्याच्या एकेका ओळीला एकाएकी मोल आले. आणि मग दुसरी अडचण उभी राहिली. मजकूर कोठे उर्दूत, कोठे मोडीत. दप्तर हाती आहे, पण ते वाचणारा माणूस गावात नाही.

शाळेचे कपाट हे गावाचे दप्तरखाने आहे ही जाणीव शिक्षकवर्गात अद्याप म्हणावी तशी रुजलेली नाही.

इतिहास म्हटला म्हणजे ह्या जिल्ह्यातील शिक्षकाच्या डोळ्यांपुढे वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला आणि पैठण ही स्थळे उभी राहतात. ते स्वाभाविकच आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान, यादवांची देवगिरी, मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेले नगर, इतके वैभव एका जिल्ह्याच्या वाट्यास क्वचितच येते. परंतु ह्या वैभवाच्या छायेत लहान गावे झाकून गेली. शाळेची सहल दरवर्षी वेरूळला जाते. आपल्याच वेशीतला दगड मात्र कोणी निरखून पाहत नाही. निजाम सरकारच्या आमदानीत १८८४ साली औरंगाबादचे गॅझेटियर छापले गेले. त्यात मोठ्या स्थळांचे वर्णन विस्ताराने आहे. परंतु गॅझेटियर कोणतेही असो, त्यात लहान खेड्यास फार तर एखादी ओळ मिळते. ती ओळ वाढविण्याचे काम बाहेरून येऊन कोणी करील ही अपेक्षा व्यर्थ होय.

तो वेशीतला दगड बहुधा वीरगळ असतो. मारुतीच्या पाराशी अर्धा पुरलेला, शेंदराची पुटे चढलेली, कोठे कोठे तर नदीवर धुणे धुण्यास लावलेला. त्याच्या खालच्या चौकटीत लढणारा पुरुष, कधी त्याच्यामागे गाईंचा कळप. मधल्या चौकटीत त्यास वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच पुरुष. आणि माथ्यावर चंद्र व सूर्य. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते, म्हणून नाव कळत नाही. पण गावची गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजून पडलेला हा माणूस त्याच परिसरातला असला पाहिजे, आणि त्याचे स्मरण राहावे म्हणून कोणीतरी पाथरवटास मजुरी दिली असली पाहिजे. इयत्ता चौथीच्या मुलास हा दगड वाचता येतो. चौकटी खालून वर वाचावयाच्या, एवढे एकदा सांगितले की पुरते.

मराठवाड्यात शेतजमिनीस काळी आणि वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. जुन्या गावाची पांढरी म्हणजे कित्येक पिढ्यांच्या घरांची, चुलींची आणि खापरांची बसलेली माती. ही माती माळवदावर टाकण्यास चांगली, म्हणून पूर्वी ती गाडीगाडीने नेत. आता ती जेसीबीने उचलली जाते. पूर्वी एका पिढीत जेवढी पांढरी हलत असे तेवढी आता एका दिवसात हलते. पावसाळ्यानंतर तिच्या उतारावर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, क्वचित एखादे नाणे वर येते. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि आपल्या जिल्ह्यातील पैठण ही दोन्ही स्थळे ह्या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात ह्या दोन्ही नगरांचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्यात लिहिले आहे.

तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे हे काही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते. गावात मिळणाऱ्या ह्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे हौसेने व चिकाटीने जमविल्या. आज तेर येथे त्यांच्याच नावाचे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय उभे आहे आणि त्याचा पाया त्यांचा संग्रह हाच आहे. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी करतात. आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. पैठण येथेही बाळासाहेब पाटील ह्यांच्या नावाचे असेच संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणी संग्रहालयास नाव मिळाले ते त्याच मातीतल्या माणसाचे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

तथापि एकट्या माणसाच्या हौसेस मर्यादा असते. त्याच्या पश्चात काय, हा प्रश्न राहतोच. ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात शतकापूर्वीच दिले गेले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. त्यांतील कागद राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळीच्या पेट्यांतून मिळविले. मराठवाडाही त्यांच्या वाटेवर होता. बीडच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून त्यांनी ज्ञानेश्वरी संपादित केली व १९०९ साली छापली. परंतु एवढा मोठा व्यासंगी पुरुषसुद्धा एकट्याने काम पुरे होणार नाही हे ओळखून होता. म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यास सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. सभासदाने सापडलेला कागद सभेत वाचावा, इतरांनी त्यावर शंका घ्याव्यात आणि मग तो छापून सर्वांच्या हाती द्यावा, अशी रीत त्या मंडळाने पाडली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाड्यांचा अंत झाला; आणि त्यांनी मागे ठेवलेले दप्तर विखरू नये म्हणून १९२७ सालीच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. माणूस गेला, पण दप्तर राहिले, ते ह्या मंडळामुळे. मराठवाड्यातही पुढे मराठवाडा साहित्य परिषद, मराठवाडा इतिहास परिषद ह्यांसारख्या संस्थांनी ही परंपरा चालविली आहे.

मग गावपातळीवर मंडळ कोणी चालवावे? जिल्हा परिषदेच्या शाळेवाचून दुसरी संस्था दिसत नाही. ग्रामपंचायत दर पाच वर्षांनी बदलते, तरुण मंडळे उत्साहाने निघतात आणि बहुधा तितक्याच झपाट्याने मावळतात. शाळा मात्र तेथेच असते, आणि गावातील प्रत्येक घराचे मूल कधी ना कधी तिच्या ओट्यावर बसलेले असते.

प्राथमिक शाळांच्या हातून केवढे काम होऊ शकते ह्याचे उदाहरण आयर्लंड देशात घडले. १९३७ ते १९३९ ह्या दोन वर्षांत तेथील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांनी निबंधाच्या तासाऐवजी आपल्या घरच्या व शेजारच्या वृद्धांकडून गावच्या आख्यायिका, औषधे, विहिरी, सणवार आणि जुन्या दुष्काळाच्या आठवणी विचारून लिहून काढल्या. त्या वह्या तेथील लोकविद्या आयोगाने जपल्या. आज तो संग्रह त्या देशाचा मोलाचा ठेवा मानला जातो. त्यासाठी नवे खाते उघडावे लागले नाही. कामी आली ती मुलांची वही आणि मास्तरांची देखरेख.

ह्या जिल्ह्यात असा पहिला विषय घ्यावयाचा झाला तर १९७२ चा दुष्काळ घ्यावा. त्या वेळी कर्ती असलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. रोजगार हमीचे काम महाराष्ट्रात त्याच दुष्काळात आकारास आले, हे पुस्तकात मिळेल. परंतु त्या गावचे लोक खडी फोडण्यास किती कोस चालत जात, मजुरी काय मिळे, सुकडी कोण वाटत असे, रेशनावरची तांबडी मिलो रांधताना काय त्रास पडे, कोणती विहीर शेवटपर्यंत आटली नाही, हे कोणत्याच पुस्तकात नाही. मुलाने आजीस 'दुष्काळाचा इतिहास सांग' असे विचारले तर आजी गप्प बसेल. 'तेव्हा चुलीवर काय शिजायचे?' असे विचारले तर ती तासभर बोलेल. आणि ती बोलेल तसेच मुलाने लिहावे. शुद्धलेखनाच्या तांबड्या शाईची शिक्षकास सवय असते. येथे ती दौत झाकून ठेवावी. आजीच्या तोंडचा शब्द हाच पुरावा असतो.

पैठण व गंगापूर भागांतील शाळांना आणखी एक विषय उघड आहे. जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली घातला गेला आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. शंभराहून अधिक गावांस त्या पाण्याची झळ लागली. पाण्याखाली गेलेल्या गावाचा नकाशा तेथून उठून आलेल्या वृद्धांच्या डोक्यात अजून शाबूत आहे. वेस कोठे, बारव कोठे, कोणत्या आळीत कोणाचे घर, हे त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून मुलांनी रेखाटून घ्यावे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर देवळाचे जोते दिसले तर ताडून पाहता येईल. पण सांगणारा माणूस गेला तर मग ताडण्याजोगे काही उरणार नाही.

काही आठवणी नाजूक असतात. १७ सप्टेंबर १९४८ ह्या दिवसाचे स्मरण दरवर्षी ध्वजवंदनाने होते. त्या काळाची प्रत्यक्ष आठवण असलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. रझाकारांचा जाच सोसलेले घर त्या गावचे, आणि पोलिस कारवाईनंतरच्या दिवसांत भेदरून दार लावून बसलेले घरही त्याच गावचे. शिक्षकाने दोन्ही घरांच्या ओसरीवर बसावे. एकाचे ऐकून दुसऱ्याचे वगळणे म्हणजे अर्धाच इतिहास लिहिणे होय. आणि अर्धा इतिहास गावात भांडण लावण्यास पुरेसा असतो. निर्णय देण्याचे काम शिक्षकाचे नव्हे. 'अमुक असे सांगतात' ह्या तीन शब्दांत त्याचे संरक्षणही आहे आणि प्रामाणिकपणाही आहे. हेच पाटीलकी-देशमुखीच्या मानाविषयी, देवळाच्या वयाविषयी आणि गावच्या नावाच्या उत्पत्तीविषयी लागू पडते. प्रत्येक गावास आपला संबंध रामायणाशी किंवा पांडवांशी जोडावासा वाटतो. तेही लिहून घ्यावे, मात्र 'आख्यायिका' ह्या सदराखाली.

कागद सांभाळून ठेवण्याची सोय वतनदारांच्या वाड्यांत होती, म्हणून आजवरचा लिखित इतिहास बहुतांशी त्यांचा झाला. तांडा, वाडी, गावकुसाबाहेरची वस्ती ह्यांच्याकडे सनदा नाहीत. त्यांच्याकडे आठवण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली ह्या शहरात महाविद्यालय उघडले. कोणत्या गावातून कोण मुलगा प्रथम तेथे शिकण्यास गेला, वाटखर्च कोणी दिला, परत आल्यावर गावाने त्यास कसे वागविले, ही माहिती त्या त्या गावाच्या इतिहासातील एक प्रकरण आहे. गावातली पहिली शिकलेली मुलगी कोण, हेही शाळेचे रजिस्टर सांगू शकते.

आता थोडे व्यवहाराचे. शाळेने वस्तू गोळा करण्याच्या भरीस पडू नये. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की उत्साही शिक्षक प्रथम तेच करतो. वेशीतली मूर्ती उचलून व्हरांड्यात आणून ठेवतो. जागेवरून हललेला दगड निम्मा मुका होतो. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती व शिल्पे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. शाळेने नोंद ठेवावी. वस्तू कोठे आहे, कोणत्या दिशेस तोंड आहे, उंची-रुंदी किती, कोणी दाखविली, कोणत्या तारखेस पाहिली. छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी उन्हाची तिरीप पडत असताना घ्यावे. भर दुपारी झिजलेले अक्षर दिसत नाही. अक्षर उठून दिसावे म्हणून त्यावर खडू, चुना किंवा तेल मुळीच लावू नये.

जुन्या कागदांवरील सन ओळखणे अवघड नाही. शालिवाहन शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येते. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. हैदराबाद राज्यातील फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे. त्यात ५९० मिळविले म्हणजे वर्षारंभीचा इसवी सन निघतो. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. अर्थात् हैदराबाद मुक्तीचा सप्टेंबर त्याच फसली वर्षाच्या अखेरीस आला. निजामकालीन रजिस्टरांत बहमन, तीर अशी महिन्यांची नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये, ते ह्याच फसली वर्षाचे महिने होत. गावांच्या नावांचेही तसेच. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर ही एकाच शहराची नावे वेगवेगळ्या काळच्या कागदांत येतील; खुलताबादचे जुने नाव रौझा. कागदात जे नाव असेल ते तसेच उतरावे आणि पुढे आजचे लिहावे. जुने नाव खोडून नवे घातले तर पुढे शोधणाऱ्यास तो कागद सापडणारच नाही.

सर्वांत मोठा धोका वाळवीपेक्षाही बदलीचा आहे. शिक्षकाने चार वर्षे कष्टाने जमविलेली माहिती त्याच्या स्वतःच्या वहीत असते, आणि बदलीचा आदेश आला की वही त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यास जाते. म्हणून इतिहासाची वही शाळेच्या मालकीची असावी, तिची डेडस्टॉकात नोंद व्हावी आणि चार्ज देताना-घेताना ती मोजून द्यावी-घ्यावी. केंद्रातील दहाबारा शाळांच्या शिक्षकांचे मिळून एक मंडळ करावे. शिक्षण परिषदेच्या दिवशी अर्धा तास राखून एकेका शाळेने आपली एक नोंद वाचावी. शेजारच्या गावचा शिक्षक शंका काढील, कोणी तीच हकीकत निराळ्या प्रकारे सांगेल, आणि नोंद अधिक पक्की होईल. पुण्याच्या मंडळाची रीत हीच होती.

वहीची दुसरी प्रत केंद्रशाळेत व तिसरी जिल्ह्याच्या ठिकाणी असावी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी १८४४ पासून पुढे कित्येक वर्षे घालविली. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी नव्याने नकला करविल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राजधानीत ही गत, तर एका खोलीच्या शाळेत एकुलत्या एका प्रतीचा भरवसा काय धरावा? आता भ्रमणध्वनीवर पानाचे छायाचित्र क्षणात निघते. मात्र ते शिक्षकाच्या स्वतःच्या यंत्रात राहिले तर त्याचीही गत बदलीच्या वहीसारखीच होणार.

मोडी शिकण्याचे वर्ग शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे वेळोवेळी भरतात. प्रत्येक केंद्रातून निदान एका शिक्षकाने ती लिपी शिकावी. उर्दूसाठी जिल्ह्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांतील शिक्षकांचे साहाय्य मागावे. ते सहज मिळण्याजोगे आहे आणि आजवर पुरेसे मागितले गेलेले नाही. वाचता येत नाही म्हणून कोणताही कागद रद्दीत टाकू नये.

जुने जनरल रजिस्टर ठेवलेले कपाट भिंतीपासून वीतभर दूर असावे, त्याच्या पायांखाली विटा असाव्यात. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडू नये. तिचा डिंक कागद खातो. वर्षातून दोन वेळा रजिस्टर सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवावे. त्यातील जात व जन्मतारखेच्या नोंदी खाजगी आहेत. नियमाप्रमाणे अर्ज आल्यावाचून त्या कोणास उतरून देऊ नयेत, आणि मूळ रजिस्टर तर कोणासही घरी नेऊ देऊ नये. अर्जदारास शाळेत बसवून, शिक्षकाच्या समक्ष दाखवावे.